पुलीवरची दुसरी खूण

गुनवाल्दिस, फोनवर तू म्हणालास, दे भंगारात.
दिलंही असतं. भंगारवाला येऊन गेला.
बाबांच्या मॉस्कविचच्या इंजिनाकडे
त्याने नुसतं वजन बघितल्यासारखं बघितलं.
मला ते बघणंच आवडलं नाही.

लिएपायाच्या वाऱ्यात मीठ असतं.
तुमच्या कॉर्कलाही असेल म्हणा, समुद्र तिथेही आहे.
इथे तो बिजागऱ्या खातो, ट्रामचे खांब खातो,
आणि शेडमध्ये झाकून ठेवलेलं
सगळ्यात आधी.

म्हणून ही बादली. आंबवलेल्या कोबीची, निळी.
पाण्यात धुण्याचा सोडा, दहा लिटरला एक मूठ.
काठावरून सोडलाय कुळवाचा तुटका दात,
चार्जरची धन तार त्याला, ऋण तार पुलीला.
उलट लावलं तर पुलीच विरघळते.
हे मी एका वॉशरची किंमत मोजून शिकले.
ॲल्युमिनियमचं काही या पाण्याजवळ आणायचं नाही,
म्हणून ब्लॉक बाहेरच बसलाय, रुसल्यासारखा.
बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, फेब्रुवारीतही खिडकी उघडी.
वेल्ता सिगारेट घेऊन दारात आली,
तिला अंगणातच उभी केली. तिथूनच ती म्हणाली,
साठीत बाया स्वेटर विणतात.

रात्रभर बादली पुटपुटत होती.
मी मधून मधून उठून बघत होते,
तापलेलं मूल झोपलंय का बघावं तसं.
गंज काही पळून जात नाही.
तो काळा पडतो, सैल होतो,
ब्रशखाली गाळासारखा सुटतो.
कुळवाचा दात मात्र रोज बारीक होतोय.
कुणीतरी झिजायचं, हे या पाण्याचं गणित.

तिसऱ्या दिवशी पुली बाहेर काढली.
कडेला कारखान्याची खाच, सरळ, अरुंद.
आणि तिच्यापासून बोटभर अंतरावर
दुसरी. वाकडी. कानशीची.

पितळ उघडं पडतं म्हणतात.
माझं लोखंड उघडं पडलं.

तो गुरुवार तुला आठवतो. मला शुक्रवारही आठवतो.
रविवारी गाडी बघायला साल्दुसचा माणूस येणार होता,
आणि मला गाडी जायला नको होती.
एवढंच. तेरा वर्षांची होते.
मागच्या सीटला तीत सांडलेल्या दुधाचा वास यायचा,
तो वास माझा होता असं मला वाटायचं.
तुम्ही सगळे सौनात असताना मी कानस घेतली,
खरी खाच ग्रीसने बुजवली.
शनिवारी बाबांनी टायमिंग लावलं ते माझ्या खुणेवर.
रविवारी गाडी खोकली, धूर ओकली,
साल्दुसचा माणूस हसून बसने परत गेला.

आदल्या आठवड्यात डिलक्याशी तू खेळला होतास.
बाबांनी पट्टा काढला तेव्हा
मी पायरीवर बसून वाटाणे सोलत होते.
एकही शेंग खाली पडली नाही माझ्या हातून.

बाबांनी नंतर टायमिंग कानाने लावलं,
खुणेकडे पुन्हा कधी पाहिलं नाही.
तू दोन वर्षांनी व्हेन्ट्सपिल्सला जहाजावर गेलास.
लोक म्हणाले, पोराला समुद्राचं वेड.
मीही म्हणाले. ट्राममध्ये, लग्नांत, बाबांच्या दफनाला.

फोटो पाठवतेय. मोठा करून बघ.
डावीकडची कारखान्याची.

एक सांगायचं राहिलं.
नुकतं साफ झालेलं लोखंड उघड्या हवेत
दहा मिनिटांत पुन्हा लाल होतं.
पुसायचं, वाळवायचं, लगेच तेल.
थांबायचं नाही.
आणि मी पुली मांडीवर घेऊन बसले होते,
किती वेळ ते ठाऊक नाही,
बोटांना तांबूस पावडर लागली तेव्हा कळलं.

परत बादलीत घातली आहे.
कानस समोरच्या खिळ्याला लटकतेय,
दोन घासांत ती खाच सपाट होईल.
हात लावलेला नाही.
तू फोन कर, मग ठरवू.
उशीर झाला तरी चालेल, आज मी जागीच आहे.
चार्जरवर लक्ष ठेवावं लागतं.